तेलाचा भाव आणि चाकाची सवय



भाव वाढला म्हणजे माणूस सवय बदलतो, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ती पुस्तके मी उशिरा वाचली. तीही कॉलेजात नव्हे, तर युनियनच्या कचेरीत, सभासद कामावरून सुटून येईपर्यंतच्या वेळात. त्यामुळे वाचताना एक शंका सारखी मनात येई. सवय बदलतो म्हणजे नेमका कोण बदलतो? ज्याच्यापाशी दुसरा मार्ग आहे तो, की ज्याच्यापाशी नाही तो? धान्याचा भाव वाढला तर गरीब माणूस एक भाकरी कमी खातो, याला कोणी सवय बदलणे म्हणत नाही. मग पेट्रोलचा भाव वाढला आणि माणसाने मोटार कमी चालवली, तर त्याला काय म्हणावयाचे? या प्रश्नाचा निकाल कल्पनेने लागणार नाही, त्यासाठी घडलेला इतिहासच पाहावा लागेल. म्हणून मी आज १९७३-७४ सालची हकीकत आपणापुढे मांडणार आहे. ती मुख्यतः अमेरिकेची आहे, आणि ताडून पाहण्यासाठी थोडी हॉलंडची.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मोटार ही चैनीची वस्तू राहिली नव्हती. ती पायातल्या वहाणेसारखी झाली होती. १९५६ साली तिथल्या सरकारने कायदा करून ४१,००० मैलांचे हमरस्ते बांधावयास घेतले. शहराबाहेर मैलोन्‌मैल घरांच्या वसाहती उठल्या, आणि त्या वसाहतींत वाण्याचे दुकानसुद्धा पायी जाण्याच्या अंतरावर राहिले नाही. ट्रामगाड्या गावोगाव बंद पडत गेल्या. (आपल्या मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, तेव्हा या बाबतीत आम्हीही फार मागे नव्हतो.) पेट्रोल इतके स्वस्त, की १९७३ साली गॅलनला, म्हणजे आपल्या पावणेचार लिटरना, चाळीस सेंटच्या आत पडत असे. कामगाराची तासाची मजुरी सरासरीने चार डॉलरच्या आसपास होती. म्हणजे एका तासाच्या घामात दहा गॅलन पेट्रोल. असा हिशेब असल्यावर गाडी गॅलनला किती मैल जाते हे कोण विचारतो? तेव्हाच्या अमेरिकन मोटारी सरासरीने तेरा-चौदा मैल जात, आणि त्याची कोणाला खंत नव्हती. मोटार जितकी लांब तितका मालक मोठा, अशी समजूत होती. आपल्याकडे बैलांच्या जोडीवरून घराची पत ठरे, त्यातलाच हा प्रकार.

मात्र पायाखालची वाळू आधीच सरकू लागली होती. अमेरिकेचे स्वतःचे तेल-उत्पादन १९७० साली शिगेला पोचले आणि नंतर उतरणीला लागले. परदेशी तेलावरची आयातबंधने १९७३ च्या एप्रिलात उठवावी लागली. अशा वेळी ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त व सीरिया यांचे इस्रायलशी युद्ध पेटले. आखातातल्या तेलवाल्या देशांनी १६ ऑक्टोबरला पिपाचा जाहीर भाव ३.०१ डॉलरवरून ५.१२ डॉलरवर नेला. दुसऱ्या दिवशी उत्पादन कमी करण्याचे ठरवले, आणि इस्रायलला मदत करणाऱ्या अमेरिकेला व हॉलंडला तेल देणेच बंद केले. १ जानेवारी १९७४ पासून भाव ११.६५ डॉलर झाला. अडीच महिन्यांत जवळजवळ चौपट! ज्या देशांच्या जमिनीतून हे तेल वर्षानुवर्षे कवडीमोलाने उपसले गेले, त्यांनी एकदा एकजुटीने माल रोखून धरला तर काय होते, ते जगाला दिसले. आम्हा संपवाल्यांना हे हत्यार अपरिचित नाही.

आता सामान्य अमेरिकन माणसाच्या दारात काय घडले ते पाहू. भाव वाढला खरा, पण सरकारचे भावनियंत्रण असल्यामुळे पंपावर तो एकदम चौपट झाला नाही. चाळीस सेंटच्या आतला गॅलन वर्षभरात पन्नास-पंचावन्न सेंटवर गेला, इतकेच. उरलेली महागाई रांगेच्या रूपाने भरावी लागली. १९७४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शहरोशहरी पंपांपुढे पहाटे अंधारात मोटारींच्या रांगा लागत. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पैशाने भरलेली किंमत आणि वेळाने भरलेली किंमत यांत फरक असतो. पगारी साहेब दोन तास उशिरा पोचला तर त्याचा पगार कापला जात नाही; तासावर काम करणाऱ्याचा कापला जातो.

सवयी बदलल्या, आणि फार झपाट्याने बदलल्या. पूर्वी टाकी रिकामी होत आली म्हणजे माणूस पंपावर जाई. आता पाऊण टाकी भरलेली असतानासुद्धा एखाद्या डॉलरचे पेट्रोल घेण्यासाठी तो रांगेत उभा राहू लागला. उद्या मिळेल की नाही, ही धास्ती. या धास्तीनेच रांगा दुप्पट लांबल्या, आणि रांगेत इंजिन चालू ठेवून लोकांनी जे पेट्रोल जाळले ते वेगळेच! आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत डबे मांडून ठेवलेल्या आयाबायांना हे मानसशास्त्र कोणी शिकवावयास नको. रात्री दुसऱ्याच्या टाकीत रबरी नळी घालून पेट्रोल ओढून नेण्याच्या चोऱ्या वाढल्या, आणि टाकीला कुलपाची झाकणे खपू लागली. ऑरेगन राज्याचे गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी सम-विषमाची तोड काढली. मोटारीच्या नंबराचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल, सम असेल तर सम तारखेला. ती पुढे इतर राज्यांनीही उचलली. पंपावर निशाणे लागली. हिरवे म्हणजे सर्वांना माल आहे, पिवळे म्हणजे फक्त धंद्याच्या व तातडीच्या वाहनांना, तांबडे म्हणजे काही नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात माणसे सकाळी उठून निशाणाचा रंग पाहू लागली.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नोव्हेंबरात भाषण करून सांगितले की, घरातली ऊब कमी करा, हळू चालवा, शेजाऱ्यांना मोटारीत घेऊन कामावर जा. आणि शनिवारी रात्रीपासून रविवारभर पेट्रोल विकू नये, अशी पंपवाल्यांना विनंती केली. २ जानेवारी १९७४ रोजी त्यांनी एका कायद्यावर सही केली, ज्याने साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. हेतू पेट्रोल वाचवण्याचा होता. पण घडले काय, तर १९७३ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ५४,००० माणसे अपघातांत मेली होती, ती संख्या १९७४ साली सुमारे ४५,००० वर आली. लोकांनी गाड्या कमी चालवल्या हेही त्याचे एक कारण होते. सगळे श्रेय वेगमर्यादेला देता येणार नाही. तरीही नऊ हजार माणसे! तेल वाचवावयास निघाले आणि माणसे वाचली. माणसे वाचवण्यासाठी म्हणून कोणी हा कायदा मांडला असता, तर तो पास झाला असता का, याची मला दाट शंका आहे.

आता ज्यांच्याविषयी बोलण्यासाठी मी हा विषय घेतला त्या लोकांकडे वळतो. ते म्हणजे मालट्रकवाले. अमेरिकेत त्या वेळी हजारो ट्रकचालक असे होते, की ट्रक त्यांचा स्वतःचा, कर्जाने घेतलेला. डिझेल त्यांच्या पैशाचे. आणि भाडे मैलावर. त्यांना मालक म्हणावे तर हातात स्टिअरिंग, आणि नोकर म्हणावे तर पगार नाही, रजा नाही. मोठ्या वाहतूक कामगारांच्या टीमस्टर्स युनियनमध्ये ते बहुतेक नव्हतेच. रविवारी मोटार न काढणे ही बाकीच्यांना देशसेवा असेल, यांची ती रोजी होती. ताशी सत्तर मैलांऐवजी पंचावन्न मैलांनी चालवले, तर तितक्याच तासांत मैल कमी होतात, आणि मैल कमी म्हणजे भाडे कमी. वर डिझेल महाग, आणि तेही पंपवाला टाकी भरून देत नाही. दर पन्नास-शंभर मैलांवर पुन्हा रांग.

१९७३ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या एका हमरस्त्यावर जे. डब्ल्यू. एडवर्ड्स नावाच्या चालकाचे डिझेल संपत आले. त्याने ट्रक रस्त्यातच उभा केला आणि गाडीतल्या छोट्या बिनतारी यंत्रावरून मागच्या-पुढच्यांना हाक दिली. तास-दोन तासांत शेकडो ट्रक उभे राहिले, रस्ता तुंबला, आणि पाहता पाहता हे लोण ओहायो वगैरे राज्यांत पोचले. ना कार्यकारिणी, ना ठराव, ना पावतीपुस्तक! आम्हाला एक गेटमीटिंग घ्यावयाची तर आठ दिवस आधी पत्रके वाटावी लागतात. एरवी चालक ज्या यंत्रावरून पोलीस कुठे दबा धरून बसला आहे ते एकमेकांना कळवीत, तेच यंत्र त्यांची संघटना झाले.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मोठा संप झाला. तो सुमारे अकरा दिवस चालला. भाजी, मांस, पोलाद यांची ने-आण अडली, कारखान्यांना टाळी लागली. काही राज्यांत सैनिक बोलवावे लागले. चालू ट्रकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुलांवरून दगड टाकले गेले, आणि त्यात माणसे मेली. टीमस्टर्सच्या नेत्यांनी संपाला विरोध केला. माझे मत विचाराल तर त्यांचे हे चुकले. आपल्या यादीत नाव नाही म्हणून माणूस कामगार नाही असे ठरवले, की तो रस्त्यावर दगड घेऊन भेटतो. शेवटी सरकारने तडजोड केली. इंधनाच्या वाढीपोटी भाड्यावर सहा टक्के अधिभार घेण्यास परवानगी मिळाली आणि डिझेलचा भाव काही काळ गोठवला गेला. सहा टक्के ही रक्कम लहान दिसते. पण तिच्यात एक मोठे तत्त्व मान्य झाले होते. इंधन महागले तर त्याचा भार फक्त चालकाच्या खिशावर नव्हे, तर ज्याचा माल वाहिला जातो त्याच्यावरही पडला पाहिजे, हे ते तत्त्व.

डेट्रॉइटची कथा याहून कडू आहे. लांबलचक मोटारी कोणी घेईना, म्हणून १९७४ च्या आरंभापासून मोटार-कामगारांना हजारोंनी घरी बसवले गेले. मोटारी कोणत्या बनवावयाच्या हे त्यांनी ठरवले नव्हते. पण त्या खपल्या नाहीत याची शिक्षा त्यांना झाली. १९७५ च्या कायद्याने मोटारींना दहा वर्षांत गॅलनला साडेसत्तावीस मैलांची पातळी गाठण्याचे बंधन आले. तेवढ्यात इराणातल्या क्रांतीनंतर १९७९ साली दुसरी टंचाई आली. त्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउन या वसाहतीत डिझेलच्या भावाविरुद्ध ट्रकवाल्यांनी चौक अडवला. त्याचे पर्यवसान दोन रात्रींच्या दंगलीत झाले, मोटारी जाळल्या गेल्या, आणि जवळजवळ दोनशे माणसे पकडली गेली. लेव्हिटाउन ही मोटारीच्या भरवशावरच बांधलेली वसाहत. जवळच्या पोलाद कारखान्यातले कितीतरी कामगार तिथे घरे घेऊन राहत होते. ज्या चाकावर घर उभे होते ते चाकच त्यांनी पेटवले. क्रायस्लर कंपनी बुडावयास आली, तेव्हा १९८० साली तिला सरकारी हमीचे कर्ज मिळाले, आणि त्यासाठी कामगारांना मिळवलेल्या सवलती सोडाव्या लागल्या. त्याबदली युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या संचालक मंडळावर बसले. हा सौदा होता की सापळा, यावर आमच्या मंडळींत अजून वाद होतात.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत खपणाऱ्या पाच मोटारींपैकी एक जपानी असे. लहान, कमी पिणारी. युनियनच्या आवारात परदेशी मोटारी उभ्या करू नयेत, अशा पाट्या लागल्या. त्या पाट्यांनी काय पेरले? १९८२ च्या जूनमध्ये डेट्रॉइटच्या परिसरात व्हिन्सेंट चिन नावाच्या तरुणाला मोटारधंद्यातल्या दोघांनी बॅटने मारून ठार केले. त्यांतला एक कामावर देखरेख करणारा होता, दुसरा कामावरून कमी केलेला. तुझ्यासारख्यांमुळे आमची कामे गेली, असा त्यांचा राग होता. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकन होता. (जपानी असता तर बरोबर झाले असते, असे नव्हे.) कोर्टाने दोघांना तीन-तीन हजार डॉलर दंड करून तुरुंगाविना सोडले. तेलाच्या भावाचा धक्का माणसाच्या डोक्यात शिरून कुठवर जातो, हे सांगताना ही गोष्ट गाळता येत नाही.

आता हॉलंड. तिथे सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून दर रविवारी खाजगी मोटारींना रस्ते बंद केले. असे दहा रविवार गेले. शेवटचा ६ जानेवारी १९७४ चा. हमरस्त्यांवर मुले चाकांचे बूट घालून घसरू लागली, कोणी घोडे काढले, कोणी सायकली. गंमत म्हणून ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल, पण त्यामागे एक दुःख होते. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलांचे हे बळी थांबवा, असे म्हणणारी आई-बापांची चळवळ तेलबंदीच्या आधीच उभी राहिली होती. रिकाम्या रविवारांनी तिला काय दिले? मोटारीविना रस्ता कसा दिसतो, हे प्रत्यक्ष दाखवले. चळवळीला एवढे पुष्कळ झाले. पुढे सरकारी पैशाने हेग व टिलबर्ग या शहरांत नमुन्याचे सायकलमार्ग बांधले गेले. हेगच्या दुकानदारांनी कडाडून विरोध केला, तरी मार्ग झाले. युद्धानंतर घसरत आलेला सायकलचा वापर पुन्हा वाढला.

इथे मूळ शंकेचे अर्धे उत्तर मिळते. तेलटंचाई दोन्ही देशांत आली, सवयी दोन्हीकडे बदलल्या, पण टिकल्या एकीकडे. १९८६ साली तेलाचा भाव कोसळला, तेव्हा अमेरिकन माणूस पुन्हा मोठ्या गाडीकडे वळला. मोटारींना मैलांचे बंधन कडक होते, हलक्या ट्रकांना सैल. म्हणून कारखानदारांनी ट्रकाच्याच सांगाड्यावर घरगुती गाड्या बनवून विकल्या. १९९५ साली वेगमर्यादेचा राष्ट्रीय कायदाही रद्द झाला. तिथला मध्यवर्ती पेट्रोल-कर १९९३ साली गॅलनला १८.४ सेंट झाला, तो नंतर तीस वर्षांत सेंटभरही वाढला नाही. हॉलंडात उलट झाले. १९९१ साली अर्थमंत्री विम कोक यांनी पेट्रोलवर लिटरला पंचवीस सेंटांचा जादा कर बसवला. मोटारवाल्यांनी त्याला ‘कोकची पावली’ म्हणून नाव दिले आणि वर्षानुवर्षे शिव्या दिल्या, कारण तात्पुरता म्हणून आलेला कर परत गेलाच नाही. हे कोक १९७३ साली एका कामगार-महासंघाचे अध्यक्ष होते. पण डच कामगाराला त्या कराबरोबर सायकलचा रस्ता होता, ट्राम होती, आगगाडी होती. लेव्हिटाउनच्या कामगाराला यांपैकी काय होते?

आपल्याकडे मोटार हा तेव्हा मूठभरांचा विषय होता. १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, आणि पंतप्रधान इंदिरा गांधीही पेट्रोल वाचवण्यासाठी घोड्याच्या बग्गीत बसल्या. वर्तमानपत्रांना छायाचित्रे मिळाली. खरा घाव रॉकेलवर आणि धान्यावर होता. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र आधीच होरपळला होता, आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. देशाचे तेल-आयातीचे बिल १९७३-७४ च्या मानाने १९७४-७५ मध्ये सुमारे दुपटीने वाढले. ८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांचा संप झाला, तो वीस दिवसांत चिरडला गेला. त्याच जुलैत वटहुकूम निघून वाढीव महागाईभत्त्याचा अर्धा भाग आणि पगारवाढ सगळीच्या सगळी सक्तीच्या ठेवीत गेली. पिपाचा भाव आखातात ठरला आणि कात्री परळच्या पगाराच्या पाकिटाला लागली, ती अशी.

आज आपल्या गावातही स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने, फेरीमागे ठराविक पैशांवर जेवणाचे डबे आणि सामान पोचवणारी पोरे आहेत. त्यांना कंपन्या भागीदार म्हणतात. मुंबईत मे २०२१ च्या अखेरीस पेट्रोल लिटरला शंभर रुपयांवर गेले, तेव्हा यांच्याही सवयी बदलल्या. मी विचारत गेलो, तेव्हा कळले ते असे : उतारावर इंजिन बंद करतात, दुपारी घरी जेवावयास जात नाहीत, हॉटेलच्या पायरीवर बसून राहतात, आणि लांबची फेरी आली की फोन वाजू देतात. हा त्यांचा संपच म्हणावयाचा, एकेकट्याचा. एका ठिकाणच्या पोरांनी आमच्याकडे येऊन मागणीपत्र करून घेतले. त्यात चौथे कलम असे घातले आहे की, पेट्रोल एका रुपयाने वाढले तर फेरीचा दर त्या प्रमाणात आपोआप वाढावा. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ १९७४ च्या सहा टक्क्यांची हकीकत जोडली आहे. पहिल्या बैठकीत कंपनीच्या माणसाने ते कलम वाचले, अमेरिकेचा इथे काय संबंध म्हणून विचारले, आणि पुढच्या बैठकीवर टाकले. ती बैठक अजून व्हावयाची आहे.